खानापूर-जांबोटी पट्ट्यात राहायला येणाऱ्यांनी जुनी फोर बाय फोर गाडी कशी निवडावी

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे जाताना तासाभरातच जमीन, झाडी आणि पाऊस हे तिन्ही बदलतात. मलप्रभेचा उगम असलेल्या या परिसरात शहराच्या कितीतरी पट पाऊस होतो, आणि डांबरी रस्ता सोडून वाडीकडे वळणारी वाट मृगापासून गणपतीपर्यंत लाल चिखलाने भरलेली असते. बदलीवर आलेले शिक्षक, आरोग्य केंद्रातील कर्मचारी, काजूची बाग किंवा शेतघर घेऊन पुण्या-मुंबईहून येणारी कुटुंबे, सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतणारे जवान अशा सर्वांना पहिल्याच पावसाळ्यात गाडीचा प्रश्न पडतो. नवी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, परवडत नाही, आणि जुनी घ्यायची तर नेमके काय तपासायचे हे सांगणारे कोणी जवळ नसते. त्यांच्यासाठी हा लेख आहे. यात गाड्यांची नावे येतील, परंतु माझा भर नावापेक्षा गाडीच्या चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) आणि कागदांवर आहे, कारण जुनी गाडी घेऊन पस्तावणारी माणसे बहुधा या दोन गोष्टींपायीच पस्तावतात.

आधी वाट पाहा, मग गाडी

गाडी शोधण्यापूर्वी आपल्याला रोज जी वाट तुडवायची आहे ती एकदा भर पावसात, शक्यतो तरण्या-म्हाताऱ्या पावसाच्या दिवसांत, पायी चालून पाहावी. संपूर्ण वाटेचा विचार करण्याची गरज नसते. तिच्यातला सर्वांत वाईट तुकडा कोणता, तो किती लांबीचा आहे आणि तो चढावर आहे की सपाटीवर, एवढे कळले की अर्धा निर्णय होतो. खानापूरच्या पश्चिम भागात वाटेखाली बहुधा जांभा असतो आणि त्यावर लाल मातीचा थर असतो. असा चिखल वरून निसरडा असला तरी खाली टणक जमीन असते, त्यामुळे खोल नक्षीचे आणि फार रुंद नसलेले टायर तो कापून तळाशी पोचतात व पकड घेतात. बैलहोंगल, सौंदत्ती, अथणी या पूर्वेकडील तालुक्यांतील काळ्या रानाची गोष्ट वेगळी आहे. ती माती टायरच्या खाचांत आणि मडगार्डमध्ये अशी भरून बसते की चाक फिरेनासे होते, आणि तेथे कितीही भारी गाडी असली तरी पाऊस थांबून वाफसा येईपर्यंत पाणंदीत न शिरणे हाच शहाणपणा असतो.

ही पाहणी केल्यावर अनेकांच्या लक्षात येते की आपल्याला फोर बाय फोरची गरजच नाही. गावापर्यंत डांबर किंवा खडी असेल, पुढचा कच्चा तुकडा थोडका आणि सपाट असेल, तर मागच्या चाकांवर चालणारी साधी बोलेरो चांगल्या टायरांसह पुरेशी होते. मागे दोन पोती किंवा दोन माणसे बसली की चालक चाकांवर भार येतो आणि तिची पकड वाढते. याउलट पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, दिसायला उंच अशा शहरी गाड्या ओल्या चढावर लवकर हरतात, कारण चढावर गाडीचे वजन मागे सरते आणि ओढणारी चाके हलकी पडतात. म्हणून केवळ गाडीची उंची पाहून निर्णय घेऊ नये. गरज नसताना घेतलेली फोर बाय फोर इंधन जास्त खाते, तिच्यात देखभालीचे भाग जास्त असतात, आणि ती वापरात नसल्याने तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारी गिअरपेटी) हळूहळू निकामी होतो.

गरज खरोखर कोणाला आहे? ज्याच्या वाटेत ओढा आहे आणि मोरी नाही, ज्याच्या घराचा शेवटचा चढ मातीचा आहे, किंवा ज्याला रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन बाहेर पडावे लागू शकते, त्याला. आमगाव, गवाळी अशा जंगलातल्या गावांशी नित्य संबंध असलेल्यांनी तर याबाबत काटकसर करू नये.

चारही चाके फिरतात म्हणजे काय होते

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या फोर बाय फोर गाड्या एरवी मागच्या चाकांवर चालतात, आणि लिव्हर किंवा बटण वापरल्यावर ट्रान्सफर केसमधून पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. यातला साधा ‘फोर हाय’ चिखलासाठी असतो. ‘फोर लो’ लावल्यावर वेग अतिशय कमी होतो आणि ओढ सुमारे दोन-अडीच पटींनी वाढते. घसरडा उतार ब्रेकला हात न लावता, इंजिनच्या अडकणीवर उतरण्यासाठी त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. चोर्ला घाटापासून आत वळणाऱ्या वाटांवर चढापेक्षा उतारच अधिक धोक्याचे असतात, आणि माझ्या मते ‘फोर लो’ असणे किंवा नसणे हाच खरी रानातली गाडी ओळखण्याचा निकष आहे.

कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ही जोडणी लावून गाडी चालवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो, परंतु डांबरावर तो ताण थेट गिअर, शाफ्ट आणि जॉइंटवर येतो. आधीच्या मालकाला हे माहीत नसेल तर त्याने नकळत गाडीचे मोठे नुकसान करून ठेवलेले असते.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी कधीच अडकणार नाही असे नसते. डिफरेन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचा, स्वभावच असा आहे की एका बाजूचे चाक अधांतरी लटकले की सारी ताकद तेच फिरवण्यात जाते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ राहते. खोल चाकोरीत पुढचे एक आणि मागचे विरुद्ध बाजूचे एक अशी दोन चाके उचलली गेली तर फोर बाय फोरसुद्धा जागच्या जागी थांबते. यावर उपाय म्हणून काही गाड्यांत दोन्ही चाके एकत्र फिरवणारा डिफरेन्शियल लॉक असतो, आणि जुन्या बाजारात तो असलेली गाडी मिळाली तर तिला थोडे अधिक पैसे द्यायला हरकत नाही.

कोणत्या गाड्या पाहाव्यात

परवडणाऱ्या गाड्यांत मारुती जिप्सीचा मान मोठा आहे. ही गाडी १९८५ मध्ये भारतात आली, १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली, आणि पुढे कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) इंजिन आले. वजन सुमारे एक टन, म्हणजे या वर्गात फारच हलके, आणि चिखलात हलकेपणा हाच मोठा गुण ठरतो. चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) असल्याने ती आदळते, मागची माणसे आडव्या बाकांवर बसतात, आणि पेट्रोलचा खर्च लहान गाडीच्या मानाने जास्त असतो. लहान मुले किंवा वयस्कर आईवडील यांना घेऊन रोज बेळगाव गाठायचे असेल तर जिप्सी घेऊ नये. जुन्या जिप्सीबाबत आणखी एक बाब ध्यानात ठेवावी: आपल्याच भागातल्या उसापासून बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व गॅस्केट त्यासाठी बनवलेले नाहीत. ते बदलून घेणे हे फार खर्चाचे काम नाही, पण विसरू नये.

महिंद्राची थार २०१० मध्ये आली. तिच्या २.५ लिटर सीआरडीई डिझेल इंजिनाला भरपूर ओढ आहे, मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार आहेत, आणि २०१५ च्या सुधारित गाडीत मागचा डिफरेन्शियल आपोआप लॉक होण्याची सोय आली. टपातून पाणी गळणे, आतला साधेपणा आणि उडत चालणारी मागची बाजू हे तिचे दोष मान्य करूनही, खानापूरच्या पट्ट्यासाठी मध्यम किमतीत मी प्रथम हीच गाडी सुचवेन. तिचे काम येणारा मेस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो, आणि या भागात गाडी घेताना हा विचार इतर सर्व विचारांच्या आधी यायला हवा. २०२० नंतरची थार कितीतरी सुधारलेली आहे; कंपनीच्या सांगण्यानुसार ती ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. परंतु २०२३ पासून हीच थार केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळू लागली, आणि बाहेरून दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. जाहिरातीत ‘थार’ एवढाच शब्द वाचून पुढे जाऊ नये. आत दुसरा, ट्रान्सफर केसचा लिव्हर आहे का ते पाहावे.

बीएस-६ (नव्या, कडक प्रदूषण मानकाच्या) डिझेल गाड्यांविषयी एक सावधगिरीची सूचना आहे. त्यांच्या सायलेन्सरमधील काजळी अडवणारी गाळणी साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून बराच वेळ सलग वेगात चालावी लागते. ज्याची गाडी दिवसभर घर, बाग आणि नाक्यावरचे दुकान एवढीच फिरणार आहे, त्याला ही गाळणी वारंवार त्रास देते. अशांनी त्याआधीच्या मानकाची बीएस-४ डिझेल किंवा पेट्रोल गाडी पाहणे बरे.

फोर्सची गुरखा कमी दिसते, पण तिच्या फोर बाय फोर प्रकारात पुढे व मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक असल्याने चिखलात तिच्याइतकी खंबीर गाडी या किमतीत दुसरी नाही. सुट्या भागांसाठी मात्र थांबण्याची तयारी ठेवावी. स्कॉर्पिओ आणि टाटा सफारीचे फोर बाय फोर प्रकार कुटुंबासाठी आरामदायी आहेत, फक्त त्यातल्या बहुसंख्य गाड्या मागच्या चाकांच्याच असतात हे विसरू नये. रेनो डस्टरचा ऑल व्हील ड्राइव्ह प्रकार २०१४ मध्ये आला. त्यात ‘फोर लो’ नाही, तरी ओला घाट आणि बेताचा चिखल या कामासाठी ती अतिशय समंजस गाडी आहे. लांबच्या प्रवासाची रोज गरज असणाऱ्यांनी तिचा विचार करावा. मारुती जिम्नी २०२३ ची असल्याने जुन्या बाजारात अजून महागच आहे. बोलेरो निओच्या एन-१० ओ या प्रकारात मागच्या डिफरेन्शियलचा लॉक मिळतो, आणि ज्यांची गरज फोर बाय फोरच्या उंबरठ्यावर अडकली आहे त्यांच्यासाठी तो उत्तम मध्यममार्ग आहे. पजेरोसारख्या परदेशी बनावटीच्या जुन्या गाड्या कधी कधी आश्चर्यकारक स्वस्तात मिळतात. त्यांचा एक पंप किंवा एक गिअर बिघडला तर ती स्वस्ताई त्या दिवशीच संपते.

हरियाणातील मंडी डबवाली येथून बनून येणाऱ्या, जुन्या विलीज जीपसारख्या दिसणाऱ्या गाड्या समाजमाध्यमांवर खूप विकल्या जातात. त्यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. अनेकदा एका गाडीची आरसी (नोंदणीपत्र), दुसरीची चासी आणि तिसरीचे इंजिन असा तो मेळ असतो, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने येथे लष्कराच्या लिलावातील जिप्सीचीही चर्चा नेहमी असते. अशी गाडी घ्यायला हरकत नाही, पण तिची आरटीओत नागरी नोंदणी पूर्ण झालेली असेल तरच. ‘कागद होऊन जातील’ या शब्दावर इसार देऊ नये.

पासिंग कुठले आहे

आपल्या भागात तीन राज्ये जवळ असल्याने एकाच रस्त्यावर केए, एमएच आणि जीए अशा तिन्ही पासिंगच्या गाड्या विकायला उभ्या असतात, आणि नवख्या माणसाला परराज्यातली गाडी स्वस्त वाटते. ती स्वस्त का आहे ते समजून घ्यावे. कर्नाटकात नव्या खासगी मोटारीवर किमतीनुसार साधारण १३ ते १८ टक्के आजीवन कर आणि त्यावर उपकर बसतो. देशातल्या चढ्या दरांत याची गणना होते. परराज्यातील जुनी गाडी येथे नोंदवताना हाच कर गाडीच्या वयानुसार कमी करून भरावा लागतो. तो ठरतो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर. आपण ती किती रुपयांत घेतली याला तेथे महत्त्व नसते. त्यामुळे दर ठरवण्यापूर्वीच आरटीओत जाऊन त्या विशिष्ट गाडीचा कर किती होईल हे विचारून घ्यावे आणि तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, परंतु तो पैसा हाती येण्यास वेळ लागतो. त्यावर आपले अंदाजपत्रक बेतू नये.

दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी एका राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तेथे नवी नोंदणी करून घ्यावी लागते, असे कलम ४७ सांगते. चंदगड किंवा दोडामार्गच्या पाहुण्याच्या नावावर गाडी ठेवून वर्षानुवर्षे इकडे चालवण्याचा सल्ला काही लोक देतात. तो मानू नये. दंडाचा प्रश्न तर आहेच, पण अपघात झाल्यास नोंदणीकृत मालक म्हणून त्या पाहुण्यालाच न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

दिल्ली परिसरात १० वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या स्कॉर्पिओ, सफारी, थार इकडे स्वस्तात येतात. त्यांचा पत्रा बहुधा चांगला असतो. कर, वाहतूक आणि एनओसीची (ना हरकत प्रमाणपत्राची) धावपळ यांचा हिशेब मांडूनही परवडत असेल तर त्या घेण्यासारख्या असतात, परंतु ती गाडी प्रत्यक्ष न पाहता, केवळ छायाचित्रांवर पैसे पाठवणे हा निव्वळ जुगार आहे. बीएच मालिकेची (‘भारत’ क्रमांकाची) गाडी, जी बदल्या होणारे केंद्रीय कर्मचारी व जवान घेतात, आपण त्या मालिकेस पात्र नसल्यास राज्याच्या नोंदणीत बदलून घ्यावी लागते. तोही खर्च धरावा.

गोवा आणि सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगत वापरलेल्या गाड्यांबाबत मी विशेष सावध राहण्यास सांगेन. खाऱ्या हवेने चासी आतून सडते आणि वरचा रंग मात्र चकचकीत राहतो.

गाडीखाली शिरून पाहा

गाडी पाहायला जाताना जुने कपडे, टॉर्च, एक लहान हातोडी आणि अंथरायला पोते न्यावे. वरचा रंग, सीट, गाणी वाजवणारा संच यांच्यावर दोन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. गाडी सपाट जागी उभी करून खाली शिरावे आणि चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागेपर्यंत हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. सडलेल्या जागी तो बद्द येतो किंवा पापुद्रे गळून पडतात. पाट्यांचे हँगर, शॉकअप बसवण्याच्या जागा, बॉडीचे माउंटिंग आणि मागच्या चाकांवरचा वळणाचा भाग येथे सर्वप्रथम गंज धरतो, कारण चिखल तेथे अडकून महिनोन्महिने ओला राहतो. चासीला नुकताच काळा रंग किंवा डांबरी लेप दिलेला असेल तर विक्रेत्याला त्याचे कारण विचारावे आणि तेथे अधिक बारकाईने ठोकून पाहावे. चासीवर आडवी वेल्डिंग दिसली तर व्यवहार तेथेच थांबवावा. पत्रा बदलता येतो, इंजिन बांधता येते. सडलेली किंवा मोडून जोडलेली चासी असलेली गाडी कोणत्याही किमतीला महागच.

त्यानंतर तेले पाहावीत. पुढच्या व मागच्या डिफरेन्शियलचा, तसेच ट्रान्सफर केसचा भरणीचा बोल्ट मेस्त्रीकडून सोडवून बोटाला तेल लावून पाहावे. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर ओढ्यातून जाताना आत पाणी शिरले आहे आणि तेल कधी बदललेले नाही असे समजावे. आतल्या बेअरिंगांचे आयुष्य अशा गाडीत फार उरलेले नसते. प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) हाताने धरून डावी-उजवीकडे फिरवावा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) किंवा क्राउन-पिनियनमध्ये (डिफरेन्शियलच्या मुख्य गिअरांत) जास्त खेळ असेल तर कट्ट असा आवाज येतो. पुढच्या चाकांजवळचे रबरी बूट फाटलेले आहेत का ते बघावे.

पुरात बुडालेल्या गाड्यांची भीती आपल्या भागात खरी आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, घटप्रभा यांच्या काठच्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि त्यातल्या अनेक धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून त्यावर मातीची रेघ आहे का ते पाहावे, सीटखालच्या रुळांचा गंज पाहावा, गालिचा उचलून वास घ्यावा, आणि डॅशबोर्डच्या मागच्या वायरींच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी आहे का तपासावे. नवीन गालिचा आणि अत्तराचा उग्र वास या दोन्हींनी संशय वाढायलाच हवा.

टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलण्याच्या खर्चात धरावा. फोर बाय फोरमध्ये चारही टायर एकाच मापाचे असणे आवश्यक असते, कारण मापातला फरक ट्रान्सफर केसला सोसावा लागतो.

चालवून पाहताना

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की गाडी आपण येईपर्यंत चालू करू नये. पोचल्यावर बोनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करावी. थंड इंजिन एका दमात चालू व्हायला हवे. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे, काळा धूर सुटला तर डिझेल नीट जळत नाही. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून जोराने वाफ उसळत असेल, म्हणजे मेस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते असेल, तर इंजिन बांधण्याचा खर्च जवळ आला आहे.

सपाट महामार्गावर फेरी मारून गाडी कळत नाही. बेळगावजवळ राहणाऱ्यांना येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ सोयीचा आहे. खानापूरकडच्यांनी जांबोटीचा रस्ता धरावा. चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट गेली आहे. जिप्सी आणि जुन्या जीपमध्ये ताशी ५०-६० किलोमीटरच्या आसपास, विशेषतः खड्ड्यानंतर, स्टिअरिंग थरथरू लागले तर किंगपिनची बेअरिंगे आणि टाय रॉडचे टोक तपासून घ्यावे.

मग गाडी मातीच्या मोकळ्या जागेत न्यावी आणि फोर बाय फोर प्रत्यक्ष लावून पाहावी. हे न करता गाडी घेणारे लोक पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण ज्यासाठी पैसे मोजले तेच त्यांनी तपासलेले नसते. जिप्सीत पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात हे ध्यानात ठेवावे. ‘फोर हाय’मध्ये थोडे पुढे-मागे चालवावे, थांबून ‘फोर लो’ लावावे, लिव्हर अडखळतो का, स्वतःहून निसटतो का ते पाहावे, आणि कोणाला तरी बाहेर उभे करून पुढची चाके खरोखर ओढत आहेत याची खात्री करावी. पुढच्या चाकांतून कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना ताकद देणारे सांधे) झिजले आहेत. शेवटी सर्व काढून पुन्हा साध्या स्थितीत यावे. जोडणी न सुटणे हाही दोषच आहे.

ज्याला स्वतःला यातले काही कळत नाही त्याने आपल्या गावच्या मेस्त्रीला दिवसाची मजुरी देऊन सोबत न्यावे. विक्रेत्याने सुचवलेला मेस्त्री नको. उद्या गाडी उघडणारा माणूस आजच ती पाहून घेतो, हा यातला सर्वांत मोठा फायदा.

कागद

परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा यांची माहिती दिसते. ती आरसीशी ताडून पाहावी. चासीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनवरचा क्रमांक स्वतः वाचावा, कागद ठेवून पेन्सिलने चासी प्रिंट घ्यावी, आणि कोरीव आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा आहेत का ते पाहावे. थकीत ई-चलान विक्रेत्याकडूनच भरून घ्यावीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षे वाढते, आणि १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. अधिक जुन्या गाड्यांसाठी ते त्यानंतर आणखी वाढले आहे. चौदा वर्षांची जिप्सी घेताना हा खर्च आणि फिटनेसची तपासणी दोन्ही दारात उभी आहेत असे समजावे. महिंद्रा कॅम्परसारखी पिवळ्या पाटीची (व्यावसायिक नोंदणीची) गाडी असेल तर फिटनेस अधिक वारंवार करावी लागते.

हस्तांतरासाठी विक्रेत्याच्या सहीचे नमुना २९ आणि दोघांच्या सह्यांचे नमुना ३० लागतात. बोजा असेल तर बँकेचे पत्र व नमुना ३५, आणि गाडी परराज्यातील असेल तर नमुना २८ वरील एनओसी. एनओसीवर कोणत्या आरटीओकडे गाडी जाणार ते लिहिलेले असते, म्हणून ती मागण्यापूर्वीच आपले कार्यालय नक्की करावे: बेळगाव व खानापूरकडच्यांसाठी केए-२२, निपाणी-चिकोडीकडच्यांसाठी केए-२३. येथे नव्याने आलेल्यांची अडचण वेगळीच असते. कर्नाटकातील पत्त्याचा पुरावा नसल्याने त्यांचे काम अडते. भाडेकरार नोंदवून घेणे किंवा आधारवरील पत्ता बदलणे हे गाडी शोधण्याच्या आधी करून टाकावे. कार्यालयातला व्यवहार कन्नडमध्ये चालतो. अर्ज समजला नाही तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा, त्यात संकोच नसावा. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत हस्तांतराचा अर्ज करायचा असतो, आणि विमा आपल्या नावावर घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते.

बंपरपुढे बसवलेले लोखंडी बुल बार २०१७ च्या अखेरीस केंद्राने बेकायदा ठरवले, तेव्हा ते असतील तर काढून घ्यावेत. २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रहिवाशांना आणि सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्यांना मुभा आहे, परंतु फोर बाय फोर आहे म्हणून वनविभागाच्या परवानगीशिवाय जंगलवाटांत शिरणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

पैसे आणि ताबा

हाताशी असलेल्या रकमेचा निदान पाचवा भाग बाजूला ठेवून उरलेल्या पैशांत बसणारी गाडी शोधावी. सर्व तेले, फिल्टर, पट्टे, कूलंट, बॅटरी आणि बहुधा टायर हे पहिल्या महिन्यातच बदलावे लागतात, आणि ही कामे मृगाच्या आधी उरकलेली बरी. म्हणून शोध दिवाळीनंतर सुरू करावा. मे महिन्यात सगळेच घाईत असतात आणि मेस्त्रीला वेळ नसतो. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि यंत्रकामाची परंपरा असल्याने बुश, पिन यांसारखे न मिळणारे लहान भाग तेथे घडवून घेता येतात, हा जुन्या गाडीवाल्यांना मोठा आधार आहे.

इसार दिल्यास त्याची लेखी पावती घ्यावी आणि कागदांत दोष निघाल्यास तो परत मिळेल असे त्यात लिहून घ्यावे. उरलेली रक्कम आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच बँक खात्यात भरावी. ‘भावाच्या खात्यावर टाका’ हे ऐकू नये. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली ताबापावती दोघांच्या सह्यांनिशी करावी, कारण त्या क्षणापूर्वीचा अपघात किंवा दंड कोणाचा आणि नंतरचा कोणाचा हे तिच्यावरूनच दाखवता येते. दोन्ही किल्ल्या, जॅक, स्टेपनी आणि मूळ सर्व्हिस पुस्तिका त्याच वेळी मागून घ्यावी. नवी आरसी घरी आल्यावर तिच्यावरील नाव, पत्ता, चासी क्रमांक, इंधनाचा प्रकार आणि आसनसंख्या ही प्रत्येक नोंद गाडीशेजारी उभे राहून ताडून पाहावी, आणि एखादे अक्षर जरी चुकलेले असले तरी त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्यावा.